उजाडलं का, ओमेकान्नाया?

उमुनेके, एके बाजाराचा दिवस
३ जून १९८४

एबेलेचे पप्पा,

इकडे सर्व ठीक आहे. पत्राच्या सुरुवातीला असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुमची आई ठीक आहे, एबेले ठीक आहे. माझं शिलाई मशीनही ठीक आहे, कारण त्याला आता काम उरलेलं नाही.

तुम्ही जोसला निघून गेलात त्याच आठवड्यात भाऊबंद बसले. इची अनाक्वे सगळ्यांत वडील, म्हणून त्यांच्याच ओसरीवर. ठरलं ते दवंडीवाल्याने आपल्या कुंपणाबाहेर उभं राहून, घंटा बडवून सांगितलं. एजिकेच्या घरच्या माणसाशी कोणी बोलायचं नाही. त्यांनी कुशल विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. चुलीला विस्तव द्यायचा नाही, बाजारात काही विकायचं नाही. पुढेही काही होतं, पण घंटेच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मी काय केलं? तुम्ही काय केलंत ते पोलिसांच्या गाडीने गावभर फिरून सगळ्यांना दाखवलं आहे. लाल टोपीचा मान असलेल्या इची अनाक्वेंना बोडक्या डोक्याने गाडीत बसवलं आणि रात्रभर चौकीच्या फरशीवर ठेवलं. ताडाची झाडं त्यांची की आपल्या बाबांची, हे तर कोणी विचारतही नाही. आणि मला पक्कं ठाऊक आहे, तुम्ही चौकीत गेलात ते ताडांसाठी नव्हे. त्या दिवशी सकाळी त्यांच्या ओसरीवर तुम्ही ताठ उभे राहून, स्वतःहून, हात पुढे केलात. तोही डावा, कारण उजव्या हातात बॅग होती. त्यांनी आपला हात मांडीवरच ठेवला आणि कोपऱ्यातली तरणी पोरं हसली. त्या हसण्यापायी तुम्ही चौकी गाठलीत.

तुम्ही जोसमध्ये वाढलात, तुम्हाला कोणी शिकवलं नाही, हे मला कळतं. गाडीचे सुटे भाग विकताना तुम्ही हौसा बोलता, योरुबा बोलता, लेबनीज दुकानदाराला त्याच्याच भाषेत टोमणा मारता. आपल्या बोलीत मात्र सकाळी म्हाताऱ्या माणसाला काय म्हणायचं, तिथे तुमचं अडतं.

अट एकच आहे. दंड नाही, बकरा नाही. तुम्ही स्वतः यायचं, पहाटे त्यांच्या ओसरीवर जायचं आणि रीतीने कुशल विचारायचं. त्यांनी उत्तर दिलं की संपलं.

एबेलेला मी आता सगळं शिकवते आहे. ती भराभर शिकते. काल वाटेत भेटलेल्या प्रत्येक म्हातारीला गुडघे वाकवून ‘इ बोला ची’ म्हणाली, ‘उजाडलं का तुम्हाला’. सगळ्या तिच्यावर खूश आहेत.

अनुली

उमुनेके, न्क्वो बाजाराचा दिवस
१४ जून

एबेलेचे पप्पा,

तुमचं उत्तर मिळालं. ‘त्या थेरड्यापुढे मी वाकणार नाही, माझा एक वकील मित्र आहे.’ वकील मित्राला सांगा, इकडे येऊन माझ्या चुलीला विस्तव दे म्हणावं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. एबेलेवर कोणी खूश नाही. ती गुडघे वाकवते, मान खाली घालते, गोड आवाजात विचारते, आणि समोरची बाई डोक्यावरचं ओझं सरळ करत निघून जाते. परवा शेजारच्या न्वाकूच्या आईने मान वळवली तेव्हा तिचे डोळे भरले होते. पण उत्तर दिलं नाही तिनेही. दिलं तर उद्या तिच्या कुंपणाबाहेर घंटा वाजेल.

एबेले मला म्हणाली, “माझं चुकतंय का गं? मी तोंड धुतल्याशिवाय बोलत नाही. तू सांगितलंस तसंच करते.”

मी म्हटलं, “तुझं काही चुकत नाही.”

“मग त्या बोलत का नाहीत?”

मी सांगितलं, त्यांच्या कानात पाणी गेलंय. आता ती बकऱ्यांना विचारते. बकरी निदान बें करते, असं म्हणते.

आणि दुसरं. दवंडीचा शेवट मला नीट ऐकू आला होता. या घरात कोणी मेलं, तर भाऊबंद खड्डा खणायला येणार नाहीत.

तुमची आई अंथरुणावरून उठत नाही. ‘ठीक आहे’ लिहिलं होतं तेव्हाही उठत नव्हती. पाय सुजून टम्म झालेत. पेज चमच्याने भरवते, अर्धी बाहेर येते. डिस्पेन्सरीतल्या बाईने तपासलं. ती परगावची आहे, म्हणून बोलली. म्हणाली, हिला कुठे हलवू नका, आणि मुलगा असेल तर बोलवा. मी विचारलं, किती दिवस? तिने फक्त पिशवी उचलली.

आईला बाबांशेजारी, केळीपाशी पुरायचं आहे. हे त्यांनी मला लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकवलंय. आपल्या जमिनीत परगावचा मजूर कुदळ घालणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. घातलीच तर आईच उठून बसेल. म्हणजे तुम्ही आला नाहीत तर तुमच्या आईचं काय होईल, ते मी लिहीत नाही. तुम्ही अडाणी नाही.

या. हात जोडते, पाया पडते, जे म्हणाल ते करते. या.

अनुली

उमुनेके, अफो
२५ जून

एबेलेचे पप्पा,

तुमची चार ओळींची चिठ्ठी वाचून मी मशीनवर डोकं ठेवून रडले. ‘येतो. पण काय बोलायचं ते नीट लिही. पुन्हा हसं करून घ्यायचं नाही.’ एवढं लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल, ते कळतं मला.

तर ऐका. एबेलेला शिकवते तसंच सांगते, रागावू नका.

पहाटे उठून आधी चूळ भरा, तोंड धुवा. पारोशा तोंडाने कोणाचं कुशल विचारायचं नसतं. इची अनाक्वेंच्या फाटकात बॅग खाली ठेवा. दोन्ही हात मोकळे हवेत. चपला काढल्यात तर उत्तम. ओसरीवर आधी कोण बसलंय ते बघा. पाहुणा असला, मोठ्या पदाचा असला, तरी पहिलं बोलणं घरच्या वडिलांशी.

त्यांना नावाने हाक मारायची नाही. ‘सर’ नाही, ‘चीफ’ नाही. इची या पदवीची लाल टोपी घेतली तेव्हा त्यांनी घेतलेलं नाव आहे, ओमेकान्नाया, म्हणजे बापाच्या वळणावर गेलेला. गावातला लंगडा कुत्रासुद्धा त्यांना त्याच नावाने ओळखतो. कमरेत थोडं वाका आणि म्हणा: “ओमेकान्नाया, इ बोला ची?” एवढंच. घाईने म्हणू नका. मग थांबा.

हे थांबणंच तुम्हाला जमत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. थांबा. ते लगेच उत्तर देणार नाहीत. तपकीर ओढतील, पायाकडे बघतील, कोंबडी हाकलतील. तोवर तुम्ही वाकलेलेच राहायचं. हात पुढे करायचा नाही. तुम्ही पदवी घेतलेली नाही, तुम्ही लहान आहात, हात द्यायचा की नाही ते ते ठरवतील. दिलाच तर दोन्ही हातांनी घ्या.

पोरं हसली तर हसू द्या. त्यांना नोकरी नाही, सकाळी दुसरं काय करणार?

मग मानाचं कोलाचं फळ त्यांच्यापुढे ठेवा. ते पुटपुटतील, पूर्वजांना बोलावतील. मध्ये बोलू नका. ताडीचा घडा मी परगावहून आणून ठेवते.

हे सगळं मी इथे एकटीच करून बघते. एबेले इची होते, माझं फडकं डोक्यावर लाल टोपीसारखं बांधते आणि खाटेच्या काठावर बसून मला ताटकळत ठेवते. मी म्हणते, “ओमेकान्नाया, उजाडलं का?” ती तपकीर ओढल्याचं नाटक करते, कोंबड्यांना शिव्या देते. कुठून शिकली देव जाणे. आणि शेवटी मोठ्या आवाजात म्हणते, “उजाडलं, उजाडलं. बस पोरा.” आई आतून हसतात. हसल्या की खोकला लागतो.

आज त्यांनी विचारलं, “एजिके येतोय?”

मी म्हटलं, “एके बाजाराच्या पहाटे.”

“बोलायला शिकला?”

“शिकतोय.”

“त्याच्या बापालाही मीच शिकवलं,” म्हणाल्या. “गाढव होता.”

माझ्यासाठी नको. आईंच्या त्या हसण्यासाठी तरी या.

अनुली

उमुनेके, ओरिये
१० जुलै

काल एके बाजार होता.

मी रात्रीच ताडी आणली, कोला धुऊन केळीच्या पानात ठेवला, तुमचा शर्ट इस्त्री केला. एबेलेला नवा फ्रॉक घातला. पहाटे फाटकाशी उभी राहिले. लोक शेतावर जायला निघाले, त्यांनी माझ्या हातातला तुमचा शर्ट बघितला, ताडी बघितली. सगळ्यांना कळलं आज तुम्ही येणार. न्वाकूच्या आईने तर आभाळाकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली. उन्हं वर आली. ताडी फेसाळून आंबली.

दुपारी जोसच्या गाडीचा ड्रायव्हर संडे आला. मी तुमच्याबद्दल विचारायच्या आत त्याने टोपी काढली.

“ताई,” म्हणाला, “माझ्यावर चिडू नकोस. तो माझ्याच गाडीतून आला होता.”

“मग कुठे आहे?”

“सगळी वाट पुटपुटत होता. शेजारचा प्रवासी म्हणाला, ह्याला कोणी करणी केली का? तिठ्यावर उतरला. म्हणाला, पाच मिनिटं बसतो. मी ओनित्शाला जाऊन परत आलो, तर तिथेच, त्याच बाकावर. तुझं पत्र मांडीवर. मी म्हटलं, अरे, घर इथून हाकेवर आहे. तर म्हणतो, संडे, शब्द पाठ आहेत पण आवाज निघत नाही. चुकलो तर पोरं पुन्हा हसतील, आणि या वेळी आई ऐकेल.”

“तू त्याला ओढत का नाही आणलंस?”

“मोठा माणूस आहे तो. आणि मी परगावचा.” मग म्हणाला, “पुन्हा गाडीत घे म्हणाला. घेतला.”

मला वाटलं होतं मी तुम्हाला शिव्या देईन. माझ्याजवळ चांगल्या शिव्या आहेत, माझ्या माहेरच्या. पण लिहायला बसले आणि तुम्ही त्या बाकावर बसलेलेच दिसता. तिठ्यावर. इथून हाकेवर.

आईला काय सांगू? मी सांगितलं, आला, भल्या पहाटे गेला, इचींनी उत्तर दिलं, लगेच जोसला परतावं लागलं, दुकानाची किल्ली त्याच्याकडे होती.

आई म्हणाल्या, “उत्तर दिलं ना? मग मला भेटायला कोणी का येत नाही?”

मी म्हटलं, “पाऊस आहे.”

बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांना खिडकीतून दिसत होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

पुन्हा या. उद्या या. संडेला मी सांगून ठेवलंय, तिठ्यावर तुम्हाला उतरू द्यायचं नाही, गाडी सरळ अनाक्वेंच्या फाटकात घालायची. चुका, अडखळा, रडा, काहीही करा, पण त्यांच्यासमोर करा.

अनुली

उमुनेके, अफो
१९ जुलै

एजिके,

आई गेल्या. परवा रात्री. तार केली नाही, कारण पोस्टातला क्लार्क आपल्याच भाऊबंदांतला आहे, त्याने खिडकी लावून घेतली.

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मला सुचणार नाही.

परवा सकाळी आई म्हणाल्या, मला बाहेर बसव. मी म्हटलं, तुम्हाला बसवत नाही. “मग टेकवून ठेव,” म्हणाल्या. मी आणि एबेलेने त्यांना चटईसकट ओढत फाटकापर्यंत नेलं, पाठीला मशीनची पेटी लावली. त्यांनी पाणी मागितलं, चूळ भरली, तोंडावरून ओला हात फिरवला. मला वाटलं गार वाटावं म्हणून. मग वाटेने जो जाईल त्याला त्या कुशल विचारू लागल्या.

त्या. सगळ्यांत म्हाताऱ्या. ज्या वयात पोरासोरांनी येऊन आधी वाकायचं, त्या वयात त्या शाळेला निघालेल्या पोरांना म्हणत होत्या, “उजाडलं का रे?” पोरं घाबरून पळाली. बायका डोक्याचं फडकं तोंडाशी धरून गेल्या. मी म्हटलं, आई, पुरे. त्यांनी माझा हात झटकला.

मग इची अनाक्वे आले, काठी टेकत, शेताकडे. तुम्हाला माहीत नसेल, आई त्यांच्याहून मोठ्या होत्या. नवी नवरी म्हणून या गावात आल्या तेव्हा अनाक्वे रांगत होते आणि आईंनी त्यांना कडेवर घेऊन पाणवठ्यावर नेलेलं आहे. आईंनी मान वर केली आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, “ओमेकान्नाया, इ बोला ची?”

ते थांबले. काठी जमिनीत रुतवून तसेच उभे राहिले. त्यांचा जबडा हलला. मी देवाची शपथ घेऊन सांगते, शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आला होता. मागे दोन तरणी पोरं येत होती, ती बघत होती. इचींनी काठी उचलली आणि गेले.

आई म्हणाल्या, “आत ने मला.” त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. एबेलेने रात्री त्यांना ‘का ची फो’ म्हटलं, उजाडू दे म्हणून. त्यांनी तिचा अंगठा दाबला. पहाटेच्या आधीच गेल्या.

मी आक्रोश केला. आपल्याकडे बाईने आक्रोश केला की गाव धावतं. कोणी आलं नाही. मी किंचाळत राहिले आणि आजूबाजूच्या घरांतून भांड्यांचे आवाजसुद्धा येईनासे झाले. सगळे ऐकत होते. मग मी गप्प झाले, कुदळ घेतली आणि केळीपाशी गेले. बाईने खड्डा खणायचा नसतो, ठाऊक आहे. कोणी खणायचा मग? एबेले वाडग्याने माती उपसत होती. गुडघाभर गेले आणि मुळं लागली. मी कुदळ मारत होते आणि तुम्हाला शिव्या देत होते, मोठ्याने, नाव घेऊन. माहेरच्या सगळ्या संपल्या, मग इथल्या दिल्या.

केव्हा येऊन उभे राहिले कळलं नाही. अनाक्वे. एकटे. लाल टोपी हातात होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, बंदी आहे ना. सरळ घरात गेले, आईंना ठेवलं होतं त्या चटईपाशी. मी मातीच्या हातांनी मागे धावले, मला वाटलं हे काय करतात आता.

ते वाकले. कमरेत, खोल, लहान माणसाने वाकावं तसे.

“उजाडलं, नने, आई,” म्हणाले. “मला उजाडलं. तुम्हाला उजाडलं का?”

आणि थांबले. वाकूनच. उत्तराची वाट बघत राहिले, एजिके. मी किती सांगितलं होतं तुम्हाला थांबायला, तसेच थांबले ते. घरात माश्यांचा आवाज तेवढा होता. एबेले माझा झगा ओढून कुजबुजली, “आजी बोलत का नाही? तिच्याही कानात पाणी गेलं?”

ते त्यांनी ऐकलं. सरळ झाले तेव्हा तोंड ओलं होतं. बाहेर जाऊन त्यांनी पोरांना हाक मारली, नावं घेऊन, त्या दिवशी हसलेली तीच. “खणा,” म्हणाले. “बंदी जिवंतांवर आहे.” पोरांनी माझ्या हातातून कुदळ घेतली. घेताना एकही शब्द बोलली नाहीत. दुपारपर्यंत आई बाबांशेजारी गेल्या. बायका लांब उभं राहून रडल्या. माझ्याजवळ कोणी आलं नाही.

सगळे गेल्यावर अनाक्वे केळीपाशी रेंगाळले. तिथे आपली बकरी बांधलेली होती. ते बकरीकडे बघत म्हणाले, “त्याला कळवा. तो चुकला तरी मी उत्तर देईन.” मग टोपी घातली आणि गेले.

बंदी अजून आहे. आज सकाळीही आमच्याशी कोणी बोललं नाही. मी थकले आहे. मी तुमच्यावर रागावलेली आहे, आणि हा राग तुम्ही आल्याने जाईल असं मला वाटत नाही. तरीही या. एबेलेने आज बकरीलाही काही विचारलं नाही. ती उठते, तोंड धुते आणि गप्प बसते. एवढीशी पोर गप्प बसायला शिकली, तर मी तिला पुन्हा बोलतं करू शकणार नाही. मला एकटीला ते जमायचं नाही.

पण आधी अनाक्वेंकडे जाऊ नका. ते वाट बघतील. आधी केळीपाशी जा. चूळ भरून, हात मोकळे ठेवून, मी लिहिलं तसं वाका आणि आईला विचारा. अडखळलात तरी तिथे हसायला कोणी नाही. ती उत्तर देणार नाही. तरी थोडा वेळ तसेच उभे राहा. मग अनाक्वेंकडे जाऊन या आणि घरी या, मी जेवायला वाढते.

अनुली